चौदा वेळा नाकारलेली फाईल

कुलूपबाईंना खुर्ची कधी लाभली नाही. खुर्ची होती, चांगली चाकांची, पाठीला जाळी असलेली. पण बाई तिच्यावर सलग दहा मिनिटं बसल्याचं कार्यशाळेत कोणी शपथेवर सांगू शकलं नसतं. मध्येच उठायच्या, सर्व्हरच्या खोलीचं दार ओढून बघायच्या, परत येऊन बसायच्या, आणि बसल्या बसल्या उजवा पाय असा हलवायच्या की टेबलावरच्या कपातला चहा हिंदकळायचा. शेजारी टपाल सांभाळणारी मुलगी म्हणायची, "बाईंच्या पायाला भिंगरी आहे, आणि भिंगरीला बॅटरी."

कार्यशाळा कृत्रिम पायांची. लांबलांबच्या लहान केंद्रांमध्ये पेशंटच्या उरलेल्या पायाचं स्कॅन व्हायचं आणि त्याची फाईल इथल्या सर्व्हरवर यायची. ती वाचून यंत्र फोमच्या ठोकळ्यातून त्या पायाचा हुबेहूब आकार कोरायचं, मग साचेवाले काका त्या आकारावर तापलेलं प्लॅस्टिक ओढून पेला तयार करायचे. या पेल्याला सॉकेट म्हणतात. माणसाचा पाय त्यात बसतो आणि खाली नवा पाय जोडला जातो. पेला जरा घट्ट झाला तर पाय आत जात नाही, जरा सैल झाला तर चालताना आत खालीवर होतो आणि कातडी सोलून काढतो. चार मिलिमीटर म्हणजे तुमच्याआमच्या लेखी काहीच नाही. तिथे ते माणसाचं चालणं असतं.

या सगळ्यात बाईंचं काम दारावर उभं राहण्याचं. कोणत्या केंद्राला खातं द्यायचं, पासवर्ड कधी बदलायचा, कोणाला कोणता फोल्डर दिसेल, कोण फाईल टाकू शकेल, कोण वाचू शकेल, कोणाला पुसता येईल, हे सगळं त्यांच्या हातात. एकोणीस वर्षं त्या हे करत होत्या आणि त्यांचं एकच सूत्र होतं: ज्याला जेवढं लागतं तेवढंच, वर एक चिमूटभरही नाही. खुद्द सरांनाही, म्हणजे कार्यशाळेच्या मालकांनाही, सर्व्हरवरची फाईल पुसता यायची नाही. एकदा सरांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्हाला पुसायचं काय असतं, सर?" तो विषय तिथेच मिटला. कुलूपबाई हे नाव त्यानंतर पडलं. कोणी पाडलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सर कबूल करत नसत.

घरीही तेच. सासूबाई फ्रीज उघडताना मुद्दाम आवाज चढवून विचारायच्या, "सूनबाई, दूध घेऊ का, की त्याला वेगळा पासवर्ड लागतो?" नवरा शाळेची बस चालवायचा, बाई त्याच्या बसच्या मागच्या दाराची कडीसुद्धा जाता येता ओढून बघायच्या. तो हसायचा. गॅसचं बटण तीनदा, बाहेरचं दार दोनदा, नळ एकदा, असा त्यांचा झोपण्याआधीचा फेरा असायचा, आणि तो पुरा झाल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडायचं नाही.

आता कोणी म्हणेल, बाई जन्मजात संशयी होत्या. तसं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एक प्रकार घडला होता. तोवर सगळ्या केंद्रांना एकच सामायिक फोल्डर उघडा होता, नाव आवक, आणि फायलींची नावं म्हणजे थेट पेशंटची नावं. एका केंद्रातल्या माणसाला दुसऱ्या केंद्राच्या यादीत आपल्या ओळखीचं नाव दिसलं. ते नाव एका शिक्षिकेचं होतं. तिने शाळेत कोणालाही आपल्या पायाविषयी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात सगळ्या शाळेला कळलं. ती कार्यशाळेत आली, बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "कोणाला सांगायचं आणि कधी सांगायचं, हे मी ठरवणार होते." आणि गेली.

त्या आठवड्यात बाईंनी सगळं उलथंपालथं केलं. यंत्राचा प्रोग्राम फायली एकाच फोल्डरमधून उचलायचा, म्हणून आवक फोल्डर एकच ठेवावा लागला. पण त्याची त्यांनी टपालपेटी करून टाकली. केंद्रांनी फाईल आत टाकायची, बस्स. आत काय आहे ते दिसणार नाही, स्वतःची फाईलसुद्धा नाही. टाकलेली फाईल पुसता येणार नाही, बदलता येणार नाही, तिच्यावर त्याच नावाची दुसरी फाईल चढवता येणार नाही. फाईलचं नाव म्हणजे केंद्राचा आकडा आणि पेशंटचा आकडा, त्यात एक अक्षर जास्त चालणार नाही. प्रत्येक नियमामागे बाईंकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. पुढची तीन वर्षं कोणाचं नाव कोणाला दिसलं नाही. बाईंना याचा अभिमान होता, आणि का नसावा?

तर एका मंगळवारी सकाळी बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. फायलींच्या तक्रारी याच फोनवर यायच्या. पलीकडे तीन तासांच्या अंतरावरच्या एका छोट्या केंद्रातल्या सिस्टर होत्या. आवाज दबका, जणू कोणी ऐकेल म्हणून.

"मॅडम, आमची फाईल जात नाहीये."

बाईंनी एका हाताने यादी उघडली. "आकडा सांगा." सिस्टरांनी सांगितला. "गेलीये की. काल अकरा वाजून दहा मिनिटांनी आली. मला इथे समोर दिसतेय."

"हो, पण मॅडम, ती..."

"तुम्हाला तिथे दिसणार नाही. फोल्डर रिकामाच दिसणार. म्हणजे गेली नाही असं नसतं."

"नाही मॅडम, ते कळलं मला, पण आज मी..."

"हे बघा, परत परत पाठवू नका. सर्व्हरवर उगाच ताण येतो. फाईल पोचलीये, यंत्रावर लागलीये, काळजी करू नका. ठेवू?"

आणि ठेवला. दिवसाला असे दोनतीन फोन यायचे, सगळे एकाच छापाचे: टाकली पण दिसत नाही. बाईंनी हेच उत्तर इतक्यांदा दिलं होतं की प्रश्न संपायच्या आत ते तोंडातून बाहेर पडायचं. फोन ठेवून त्या उठल्या आणि दार ओढून बघून आल्या.

दर बुधवारी बाई नाकारलेल्यांची यादी बघायच्या. सर्व्हर ज्याला ज्याला अडवतो त्याची नोंद ठेवतो: कोण आला, किती वाजता, काय करायला बघत होता, का अडवला. बहुतेक पासवर्ड विसरलेले असायचे. त्या आठवड्यात नवी खाती काढायची होती म्हणून बुधवार हुकला आणि यादी पुढच्या बुधवारी हातात आली. त्यात त्या छोट्या केंद्राचं खातं लागोपाठ चौदा वेळा होतं. मंगळवारी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. चौदाही वेळा शेरा एकच: या नावाची फाईल आधीच आहे, परवानगी नाही.

"कमाल आहे बाईची," कुलूपबाई स्वतःशीच पुटपुटल्या. "पाठवू नका म्हटलं तरी दिवसभर पाठवत बसली."

त्या पुढे सरकणार होत्या. पण पाय हलायचा थांबला. सर्व्हरवर येणारी फाईल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण उतरते, आणि उतरल्यावर तिला खरं नाव दिलं जातं. अडवणूक होते ती या नाव देण्याच्या क्षणी. म्हणजे तोवर तिचं वजन नोंदवून झालेलं असतं. सोमवारी आलेली फाईल अडतीस एमबी होती. नाकारलेली प्रत्येक फाईल एकेचाळीस.

बाईंनी आकडे पुन्हा वाचले. मग बोट लावून वाचले. एकेचाळीस, एकेचाळीस, एकेचाळीस. तीच फाईल परत पाठवली असती तर वजन तेच आलं असतं. ही दुसरीच फाईल होती. सिस्टर एक सुधारलेलं स्कॅन पाठवत होत्या, आणि नाव तेच होतं, कारण नाव बदलायचं नाही हा बाईंचा नियम. आणि त्याच नावाची फाईल आत घ्यायची नाही, हाही बाईंचाच. चुकीची फाईल पेटीत आधी जाऊन बसली होती आणि बरोबर फाईल चौदा वेळा दारातून परत गेली होती. अर्धवट नावाने पडून राहिलेल्या त्या प्रती रोज सकाळी सर्व्हर झाडून टाकतो. ते झाडणंही बाईंनीच बसवलेलं. त्या उठल्या नाहीत.

मग उठल्या आणि तडक साच्यांच्या खोलीत गेल्या. काका प्लॅस्टिकच्या कडा घासत होते.

"काका, हा आकडा. झालाय का?"

काकांनी वही उलटली. "गेल्या गुरुवारीच गेला की. का हो?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी काकांना सांगितलेलं हे पहिलं खोटं असावं.

केंद्रात फोन लावला तेव्हा सिस्टरांनीच उचलला. बाईंनी नाव सांगताच पलीकडून घाईघाईने शब्द आले, "मॅडम, सॉरी हं, त्या दिवशी खूप वेळा पाठवलं मी." बाईंनी विचारलं, दुसरी फाईल कशाची होती? कळलं ते असं. सोमवारी स्कॅन घेताना पेशंटच्या पायावर जाड लोकरी मोजा राहिला होता. सिस्टरांच्या ते संध्याकाळी ध्यानात आलं. मंगळवारी सकाळी त्यांनी पेशंटला परत बोलावून उघड्या पायाचं स्कॅन घेतलं आणि तेच पाठवत होत्या. शुक्रवारी सॉकेट आलं ते मोज्याच्या मापाचं, अर्थात सैल. पेशंट त्यात चार मोजे घालून चालत होती. आता गुडघ्याखाली लाल झालं होतं, कातडी अजून फुटली नव्हती, पण डॉक्टरांनी पाय काढून ठेवायला सांगितलं होतं.

"पेशंट काय करतात?" बाईंनी विचारलं.

"बेकरीत असतात, मॅडम. भट्टीसमोर उभं राहायचं काम. येत्या सोमवारपर्यंत मालकांनी जागा धरून ठेवलीये. त्याच्या पुढे ते दुसरं माणूस बघणार."

बुधवार होता. बाईंच्या जिभेवर आलं होतं, की सिस्टर, चूक माझी. बाहेर पडलं ते, "ती दुसरी फाईल आहे ना तुमच्याकडे? नावापुढे दोनचा आकडा लावा आणि आत्ता पाठवा."

"चालेल नाव बदललेलं?" सिस्टरांनी विचारलं. "मला वाटलं चालत नाही."

"चालेल," बाई म्हणाल्या.

फाईल दहा मिनिटांत आली. एकेचाळीस एमबी. बाईंनी ती स्वतः यंत्रावर लावून घेतली, काकांच्या मागे उभं राहून इतकं डोकं खाल्लं की शेवटी काका म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर थांबा, नाहीतर मी तुमचाच साचा काढीन." बाई बाहेर जाऊन फेऱ्या मारत राहिल्या.

गुरुवारी त्यांनी सर्व्हरवरची ती टपालपेटी बदलली. आता त्याच नावाची दुसरी फाईल आली की ती आत घेतली जाणार, जुनी बाजूला ठेवली जाणार, आणि बाईंना ताबडतोब कळणार. शिवाय प्रत्येक केंद्राला आपण टाकलेल्या फायलींची पोच, आकडा आणि वजनासकट, आपल्यापुरती दिसणार. दुसऱ्याचं काही नाही. दोन चाचणीची खाती काढून त्यांनी उलटसुलट सगळं तपासलं. कोणाचं नाव कोणाला दिसत नव्हतं. शिक्षिकेला दिलेला मनातल्या मनातला शब्द कुठेही मोडत नव्हता. या सगळ्याला किती वेळ लागला? वीस मिनिटं. तीन वर्षांत ही वीस मिनिटं त्यांना सापडली नव्हती, कारण शोधायची गरज आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्या विचाराने त्यांना स्वतःचा इतका राग आला की कीबोर्ड त्यांनी आदळलाच.

मग सरांकडे गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सर वाईट माणूस नव्हते. ऐकताना त्यांनी दोनदा कपाळ चोळलं.

"हे अजून कोणाला माहितीये?"

"कोणाला नाही."

"मग असं करू. नवं सॉकेट पाठवूच, पहिलं काम ते. पण सोबतच्या चिठ्ठीत जास्त लांबण लावू नका. आपल्या सर्व्हरमध्ये घोळ आहे असं एका केंद्राला कळलं, की उद्या सगळी केंद्रं विचारतील, आमच्या फायली कुठे गेल्या. मोजा तर त्यांनीच ठेवला होता ना?"

पुन्हा बनवलेल्या सॉकेटबरोबर एक चिठ्ठी जाते, तिच्यात एक रकाना असतो: कारण. बाईंनी त्यात लिहिलं, "केंद्राकडून सुधारित फाईल उशिरा मिळाली." वाचून बघितलं. एकही शब्द खोटा नव्हता. सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे स्वीकारलेली सुधारित फाईल बुधवारीच आली होती. सरांनी मान डोलावली आणि सही केली.

संध्याकाळी घरी बाईंनी बाहेरचं दार दोनदाऐवजी सहादा बघितलं. सासूबाई पलंगावर बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

"सूनबाई, दार पळून गेलं नाही. बस इथे. काय झालंय?"

बाईंनी सांगितलं. सर्व्हर आणि परवानग्या सासूबाईंना कशा कळाव्यात, पण त्यांनी मधे एकच विचारलं.

"त्या सिस्टर फोनवर काहीतरी सांगत होत्या, आणि तू फोन कापलास?"

"कापला नाही, आई. ठेवला."

"म्हणजे कापलासच."

बाई चिडल्या. "दिवसाला दहा फोन येतात मला, आई! सगळ्यांचं पुराण ऐकत बसले तर काम कधी करू?" तीनचे दहा झाले होते, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. सासूबाई उठून दिवा मालवायला गेल्या, आणि बाईंना ते जास्त लागलं.

शुक्रवारी दुपारी सॉकेट तयार झालं. कुरियरवाला म्हणाला, सोमवारी दुपारी पोचेल. "मी घेऊन जाते," बाई सरांना म्हणाल्या. सरांना नवल वाटलं. बाई एकोणीस वर्षांत सर्व्हरपासून दिवसभर लांब राहिल्याची नोंद नव्हती. पण नाही म्हणायला कारणही नव्हतं.

शनिवारी सकाळची बस. खोकं मांडीवर, चिठ्ठी खोक्यावर चिकटवलेली. तीन तास एका जागी बसणं ही बाईंना शिक्षाच होती, खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्याने शेवटी विचारलं, "ताई, पुढच्या थांब्यावर उतरायचंय का तुम्हाला?" तेव्हा दोन तास बाकी होते. बाईंनी मनातल्या मनात सिस्टरांशी काय बोलायचं ते रचलं, मोडलं, परत रचलं. प्रत्येक वेळी वाक्य "यंत्रणेत एक त्रुटी" इथपर्यंत यायचं आणि यंत्रणेवरच थांबायचं. यंत्रणेला कोणी जन्म दिला ते पुढे यायचंच नाही.

केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडं, आतल्या खोलीत चालायचा सराव करायला दोन समांतर दांडे, खाली रबराची चटई, कोपऱ्यात स्कॅनर आणि जुना कॉम्प्युटर. बाईंच्या डोळ्यासमोर फोनवरच्या आवाजाची एक भांबावलेली पोरगी होती. समोर आल्या त्या पंचावन्नच्या पुढच्या, दोरीला चष्मा अडकवलेल्या, केस पांढरे झालेल्या सिस्टर. बाईंपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठ्या. आणि आपण यांना "हे बघा" म्हटलं होतं.

"मॅडम, तुम्ही स्वतः आलात?" सिस्टर गडबडल्या. "बसा ना. पाणी देते." त्या पाणी आणायला वळल्या तेव्हा बाईंचं लक्ष कॉम्प्युटरशेजारच्या उघड्या वहीकडे गेलं. वरच्या बाजूला त्या मंगळवारची तारीख, खाली ओळीने वेळा लिहिलेल्या. नऊ वाजून पाच, परवानगी नाही. नऊ वीस, पासवर्ड परत टाकला, परवानगी नाही. दहा, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अकरा चाळीस, डॉक्टरांच्या लॅपटॉपवरून. मग दुपारी, नेट बदलून. तीन वाजता, शेजारच्या दुकानातल्या मुलीला बोलावून, तिलाही जमलं नाही. चौदा ओळी होत्या, आणि खाली पेनाने रेघ मारून लिहिलं होतं: मॅडमना पुन्हा फोन करू नये, त्यांना त्रास होतो.

बाईंनी वही तशीच ठेवली. पाणी आलं ते त्यांनी न पिता बाजूला ठेवलं.

आत डॉक्टर आणि पेशंट थांबले होते. बेकरीवाली चाळिशीची, रुंद खांद्यांची, तोंडाने फटकळ. "आणलात का नवा?" तिने खोकं बघून विचारलं. "या वेळी तरी माझ्या मापाचा आहे ना, की तुमच्या घरच्या कोणाच्या?" डॉक्टर हसले. बाईंना हसू आलं नाही. सिस्टरांनी खाली बसून एक पातळ मोजा चढवला, सॉकेट लावलं. बेकरीवाली दांड्यांच्या मध्ये उभी राहिली, हळूहळू त्या पायावर भार दिला आणि वाट बघत राहिली, दुखायची. दुखलं नाही. तिने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. टोकाला जाऊन वळली आणि परत येताना एक हात सोडला.

"बसला हा," ती म्हणाली. "हा माझा आहे."

डॉक्टरांनी वाकून गुडघ्याखाली बघितलं. "लाली उतरलीये. सोमवारी जा, पण चार तास. मग बसायचं. तुमच्या मालकांना मी फोन करतो."

"ते सुरुवातीला कमी तासांनाही हो म्हणालेत," बेकरीवाली म्हणाली. "फक्त सोमवारी तोंड दाखव म्हणाले." तिने डोळे पुसले ते इतक्या झटक्यात, की पुसले नाहीत असं म्हणायची सोय राहावी.

सिस्टर तोवर खोक्यावरची चिठ्ठी वाचत होत्या. चष्मा चढवून, ओठ हलवत. केंद्राकडून सुधारित फाईल उशिरा मिळाली. त्यांनी मान हलवली. खरं आहे अशा अर्थाने, काही तक्रार नसल्यासारखी. मग त्या बेकरीवालीकडे वळल्या. "माझ्याकडूनच उशीर झाला हो. यात लिहिलंय तसं. तुम्हाला फुकट सोसावं लागलं." आणि पोच म्हणून सही करायला त्यांनी पेन उचललं.

कुलूपबाईंनी ते पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. हिसकावलंच म्हणा.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "तुमच्याकडून काही उशीर झाला नाही. तुम्ही मंगळवारी सकाळी नऊ वाजता बरोबर फाईल पाठवलीत. चौदा वेळा पाठवलीत. माझा नियम चुकीचा होता आणि मी तुमचं ऐकून घेतलं नाही. ही चिठ्ठीही मीच लिहिलीये." त्यांनी ती ओळ आडवी खोडली आणि वर लिहिलं, "कार्यशाळेच्या सर्व्हरवर चुकीची परवानगी लावल्यामुळे केंद्राची फाईल अडवली गेली." खाली स्वतःची सही केली. सरांची सही शेजारीच होती. सोमवारी सर काय म्हणतील ते बाईंना दिसत होतं, पण अक्षर स्वच्छ आलं.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून सिस्टरांकडे दिली. बेकरीवाली दांडा धरून उभी होती. तिने बाईंकडे एकदा बघितलं, फार प्रेमाने नव्हे, आणि मग सिस्टरांकडे वळली.

"मग सिस्टर, तुम्ही आठ दिवस माझी कशाची माफी मागत होतात? रोज मलम लावताना मागत होतात. परवा तर रडलात."

सिस्टरांनी चष्मा काढला. तो पदराने पुसत त्या खालीच बघत राहिल्या.

"तिथे दर वेळी तेच लिहून यायचं ना," त्या म्हणाल्या. "परवानगी नाही, परवानगी नाही. मॅडमही तसंच म्हणाल्या. चौदाव्यांदा आलं, तेव्हा मला वाटलं, खरंच नसेल."